पावती खरी, हरकत खोटी: ट्रेडमार्कच्या नावाखाली गंडा

मालवणजवळच्या एका कोकम सरबतवाल्यांच्या नावाशी मिळतंजुळतं नाव दुसऱ्याने ट्रेडमार्कसाठी टाकलं. ते ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या (नाव नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) जर्नलमध्ये छापून आलं आणि लगोलग एका 'सल्लागारा'चा फोन: "तुमचं नाव जातंय, १५,००० पाठवा, आजच हरकत टाकतो." पैसे गेले, व्हॉट्सअॅपवर पावती आली. पावती खरी होती. पण तिच्यावर लिहिलं होतं: फॉर्म टीएम-एम, फी ९०० रुपये.

हरकतीचा फॉर्म टीएम-ओ, ऑनलाइन फी मालाच्या एका वर्गाला २,७०० रुपये (सरबत वर्ग ३२ मध्ये येतं). टीएम-एम हा किरकोळ विनंत्यांचा फॉर्म. त्यावर कितीही कडक पत्र लिहिलं तरी ट्रेडमार्क कायद्याच्या कलम २१ खालची हरकत होत नाही.

जर्नल दर सोमवारी निघतं. प्रसिद्धीपासून ४ महिने मिळतात, वर एक दिवसही नाही. सल्लागार "रजिस्ट्रीला वेळ लागतो हो" म्हणत राहिला. पटण्यासारखंच, कारण खऱ्या हरकतीची प्रतसुद्धा समोरच्याला पोचायला ३ महिने लागू शकतात. सीझनच्या गडबडीत कोणी साइट उघडली नाही, आणि मुदत टळल्यावर समोरच्याला सर्टिफिकेट मिळालं.

आयपी इंडियाच्या (रजिस्ट्रीच्या सरकारी) साइटवर समोरच्याचा अर्ज क्रमांक टाका, ओटीपी येतो. स्थिती 'ऑपोज्ड' (हरकत घेतलेला) हवी, आणि हरकतीचा क्रमांक, तारीख व हरकतदार म्हणून तुमचं नाव दिसायला हवं. एजंटच्या पीडीएफवर विसंबू नका.

दुसरी तऱ्हा जास्त बेरकी. हरकत खरीच टाकतात, मग फोन उचलत नाहीत. समोरच्याने नोटीस मिळाल्यापासून २ महिन्यांत प्रतिनिवेदन (हरकतीला लेखी उत्तर) दिलं नाही तर त्याचा अर्ज बाद, एवढंच तुम्हाला ऐकवलेलं असतं. त्याने दिलं, तर त्याची प्रत मिळाल्यापासून २ महिन्यांत पुरावा तुम्ही प्रतिज्ञापत्रावर द्यायचा, नाहीतर नोटिशीतल्या मजकुरावरच भिस्त आहे असं लेखी कळवायचं. दोन्ही राहिलं की तुमचीच हरकत बाद. फॉर्मवर ईमेल एजंटचा असतो, त्यामुळे तुम्हाला पत्ताच नसतो. जुनी विक्रीबिलं, लेबल छापल्याचं प्रेसचं तारखेसह बिल, एफएसएसएआय परवाना आधीच काढून ठेवा.

नुसत्या 'कोकम' किंवा 'मालवणी' शब्दाची नोंदणी करून देतो म्हणणाऱ्यालाही वाटेला लावा. असे वर्णनाचे शब्द सहसा कोणा एकाला मिळत नाहीत.

वकील असेल तर सनद क्रमांक, एजंट असेल तर ट्रेडमार्क एजंटचा नोंदणी क्रमांक मागा. 'कन्सल्टन्सी' हा काही परवाना नव्हे. सरकारी फी आणि मेहनताना वेगवेगळा लिहून घ्या.

मुदत गेलीच असेल तर कलम ५७ खाली नोंद रद्द करण्याचा अर्ज करता येतो, फॉर्म टीएम-ओ आणि फी तेवढीच. समोरच्याच्या वापराच्या आणि नोंदणीच्याही आधीपासून तुमचा सलग वापर असेल, तर कलम ३४ मुळे तो तुमची विक्री थांबवू शकत नाही. ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. उशीर झाला की रक्कम खात्यात गोठवणं अवघड होतं.