ड्वार्फ आर्मीचे आठ महिने आणि पाच मिलिमीटरचा हिशेब

मागच्या रविवारी मामेभाऊ पुण्याहून आला, 'वॉरहॅमर: द ओल्ड वर्ल्ड' या छोट्या पुतळ्यांच्या लढाईच्या खेळाचं टेबल मांडलं, आणि माझ्या ड्वार्फ आर्मीतले थंडरर, म्हणजे बंदूकवाले, तुकडी एकत्र धरणाऱ्या खाचांच्या ट्रेमध्ये बसेनात. एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा, ट्रे साताऱ्याच्या पावसाने फुगला होता. खाच इतकी आवळली होती की ढकलताना एकाच्या बंदुकीची नळी अंगठ्याखाली वाकली. जुना धातूचा पुतळा. नळी सरळ करताना रंगाचा पापुद्रा निघाला आणि खालचा चकचकीत धातू दिसायला लागला. खूप वाईट वाटलं. त्या एका नळीवर मी जानेवारीत एक अख्खी संध्याकाळ घालवली होती. त्याच रात्री ठरवलं की या आर्मीबद्दल आता लिहायचंच.

ओल्ड वर्ल्डचे सगळे नियम इथे सांगत बसत नाही. वॉरहॅमरचा जुना खेळ २०१५ मध्ये गुंडाळला आणि जानेवारी २०२४ मध्ये या रूपात परत आला. मुद्दा असा की परत येताना ड्वार्फांचा बेस, म्हणजे पुतळ्याच्या पायाखालचा चौकोनी तुकडा, वीस मिलिमीटरवरून पंचवीसवर गेला. मी डिसेंबरमध्ये सेकंडहँड आर्मी घेतली, कारण नव्या बॉक्सची किंमत बघून माझा हात मागे येतो. विकणाऱ्याने "ओल्ड वर्ल्डसाठी तयार" असं लिहिलं होतं. पार्सल उघडलं तर सगळे वीसच्या बेसवर. विचारलं तर म्हणाला, "बेसच तर आहे, बदलून घ्या." साठेक पुतळे, त्यातले निम्मे धातूचे, पाय बेसच्या फटीत पक्के चिकटवलेले. ते उपटले तर घोट्यातून मोडतात, हे त्याला माहीत नसेल असं नाही. परत घ्यायला तो तयार झाला नाही, आणि नंतर उत्तरं देणंही बंद केलं.

पाच मिलिमीटरवरून एवढं काय, असं मलाही आधी वाटलं होतं. मग फूटपट्टी घेऊन बसले. दहा थंडरर, सात वॉरियर, दहा क्वारलर (क्रॉसबोवाले) अशी माझी पुढची ओळ. सत्तावीस जण. वीसच्या बेसवर ती ५४ सेंटिमीटर भरते, पंचवीसवर साडेसदुसष्ट. फरक साडेतेरा सेंटिमीटर. भावाची आर्मी ब्रेटोनियाची, म्हणजे घोडेस्वार नाइट्सची; तिची लान्स, म्हणजे भाल्यासारखी मांडलेली घोडेस्वारांची तुकडी, तीन घोड्यांच्या रुंदीची असते, एका घोड्याचा बेस तीस मिलिमीटर, म्हणजे नऊ सेंटिमीटर. अख्खी लान्स आरामात निघून जाईल एवढी वाट माझ्या ओळीच्या टोकाला मोकळी राहत होती! बगलेवर धडक बसली की लढाईच्या निकालात त्यांना एक गुण जादा, पाठीवर दोन. आणि तीन इंच मूव्हमेंटचा ड्वार्फ वळून तोंड देईपर्यंत सगळं उरकलेलं असतं.

पहिले चार महिने यावर माझा एकच उपाय होता, कोपरा धरायचा. टेबलाच्या एका कोपऱ्यात सगळं दाटून लावायचं, दोन बाजू टेबलाच्या कडेने झाकायच्या, तोफा सगळ्यात मागे. मार्चमध्ये कोणी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं की ड्वार्फ म्हणजे कोपरा. हे मत मी आता मागे घेते. कोपऱ्यात आर्मी मरत नाही, पण जिंकतही नाही. भाऊ समोर यायचाच नाही. बाकीचं टेबल ताब्यात घ्यायचा, पेगासस नाइट्स (उडत्या घोड्यांवरचे स्वार) माझ्या टप्प्याबाहेर ठेवायचा आणि शेवटच्या दोन टर्नमध्ये एका टोकाला हात घालायचा.

माझं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला आहे. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने या किल्ल्याला वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी तो साडेचार महिने झुंजवला. मोगलांच्या सुरुंगाने तट उडाला तो बाहेरच्या बाजूला, त्यांच्याच माणसांवर कोसळला. तट आणि सुरुंगाची ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलेय. पण तेव्हा बाहेर फिरणाऱ्या मराठा तुकड्या मोगलांची रसद तोडत होत्या, म्हणून वेढा देणाऱ्यालाही स्वस्थता नव्हती, याकडे माझं लक्ष उशिरा गेलं. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज गेले आणि एप्रिलमध्ये किल्ला द्यावा लागला. कोपऱ्यातल्या माझ्या ड्वार्फांना तट होता, बाहेर फिरणारं कोणीच नव्हतं.

मग जायरोकॉप्टर, म्हणजे ड्वार्फांचं छोटं हेलिकॉप्टर, काढला. तो आर्मीबरोबर फुकट आला होता, पंखा मोडलेला, म्हणून कंदी पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात पडून होता. पंखा जोडून दिला. या आर्मीत मला सगळ्यात जास्त आनंद त्याने दिलाय. शत्रूच्या आठ इंचांत नेऊन उभा केला की त्या तुकडीला मार्च करायच्या (दुप्पट अंतर चालायच्या) आधी लीडरशिपची, म्हणजे धीराची, टेस्ट फाशांनी द्यावी लागते. टेस्ट हुकली की त्यांचा एक टर्न रखडतो, आणि तेवढ्यात माझ्या बंदुका आणखी एकदा वाजतात. "ताई, ते माशीसारखं काय लावलंयस मागे," असं भाऊ पहिल्यांदा म्हणाला तेव्हाच कळलं की हे लागू पडतंय.

तोफेची जागाही बदलली. कोपऱ्यातून गोळा तिरपा जायचा, लान्सच्या एका कडेने शिरून दुसरीकडून बाहेर. लान्स अरुंद पण खोल असते. तोफ मधोमध, तिच्या अगदी नाकासमोर ठेवली तर गोळा उसळत रांगेमागून रांगेतून जातो. मिसफायरची भीती सहात एक, म्हणून त्यावर उतारा असलेल्या फोर्जिंगच्या रूनवर (जादूच्या कोरीव खुणेवर) आर्मीचे पॉइंट खर्च करायला मी कुरकुरत नाही. इतर रूनवर मात्र करते.

वॉरियरना ढाली द्याच. दोन हाती कुऱ्हाडी दिसायला कितीही छान असल्या तरी. धाव अंगावर आली त्या टर्नला हरले तरी शील्डवॉलमुळे, म्हणजे ढालींच्या भिंतीच्या नियमामुळे, ते फाशाने ठरेल तेवढं मागे न जाता दोन इंचच सरकतात, आणि शेजारच्या बंदूकवाल्यांची बगल उघडी पडत नाही. थंडररना हलवू नका. हँडगन घेऊन चाललं की नेम फारच बिघडतो, आणि गोळी पुढच्या रांगेचीच सुटते, म्हणून ओळ रुंद हवी. म्हणजे फिरून पुन्हा बेसच.

त्यावर तोडगा ट्रेचा. पुतळे उपटायचे नाहीत. पंचवीसच्या अंतराने वीसच्या खाचा पाडलेला ट्रे करायचा, पुतळा आहे त्याच बेसवर आत बसतो आणि ओळीची रुंदी बरोबर येते. मी एमडीएफचे करून घेतले कारण तेच सगळ्यात स्वस्त. उन्हाळाभर उत्तम चालले. जूनपासून कडा जाड व्हायला लागल्या, आणि रविवारी काय झालं ते वर लिहिलंच आहे. पाऊस जास्त असलेल्या गावात एमडीएफ घेऊ नका, घेतलाच तर खाचांच्या आतूनसुद्धा वॉर्निश मारा. मी फक्त वरून मारलं होतं.

खेळ मात्र आम्ही सोडला नाही. थंडरर ट्रेशिवाय, मध्ये पाच-पाच मिलिमीटरची फट ठेवून एकेक मांडले. भावाने काही हरकत घेतली नाही. तिसऱ्या टर्नला त्याची लान्स मधून आली, गोळ्याने चार घोडे पाडले, उरलेल्यांनी वॉरियरवर धडक दिली, वॉरियर दोन इंच हटले आणि तिथेच थांबले. त्याची दुसरी लान्स टोकाकडून वळायला गेली तर तिथे वाट नव्हती. ओळ पुरली होती!

सोमवारी पोवई नाक्याजवळ नंबरप्लेट आणि ट्रॉफ्या करून देणाऱ्याकडे गेले. त्याच्याकडे लेझर कटिंगचं मशीन आहे. तीन मिलिमीटरच्या ॲक्रिलिकमध्ये एक ट्रे कापून दिला. खाचा मी २०.५ मिलिमीटरच्या सांगितल्या होत्या, कारण जुन्या बेसच्या कडांवर रंगाचे थर आहेत. दहाच्या दहा जण अलगद बसले, उलटा धरला तर पडतात, पण उलटा धरायचं काही कारण नाही. एमडीएफच्या तिप्पट पैसे लागले. वॉरियर आणि क्वारलरचे ट्रे शनिवारी मिळतील. लाँगबिअर्डचे, म्हणजे जुन्या मुरलेल्या ड्वार्फांचे, दिवाळीनंतर करेन. तोवर त्यांना मागच्या ओळीत ठेवायचं, तिथे रुंदी लागत नाही.