ऑक्टोबरमधले भय: फिलाडेल्फिया, ऑर्लँडो, सेलम की स्लीपी हॉलो?

सप्टेंबर संपत आला की न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि पेनसिल्व्हेनियातल्या मराठी घरांत, विशेषतः जिथे मुले दहा-बारा वर्षांची झाली आहेत तिथे, एक प्रश्न दरवर्षी निघतो: यंदा हॅलोविनला फक्त शेजाऱ्यांच्या दारी चॉकलेटे गोळा करायची, की एखादे खरोखरीचे 'हॉन्टेड' ठिकाण पाहायचे? या लेखात चार पर्यायांचा विचार केला आहे: फिलाडेल्फियाचा ईस्टर्न स्टेट तुरुंग, ऑर्लँडोतले युनिव्हर्सल हे मनोरंजन-उद्यान, मॅसॅच्युसेट्समधले सेलम गाव आणि हडसन नदीकाठचा स्लीपी हॉलोचा परिसर. चौघांची जाहिरात एकाच भाषेत होत असली, तरी चारही ठिकाणी हाती पडणारी गोष्ट वेगळी आहे, आणि बहुतेकांची निराशा होते ती हा फरक तिकीट काढण्याआधी लक्षात न आल्यामुळे.

फिलाडेल्फियापासून सुरुवात करतो, कारण न्यू जर्सीतल्या एडिसनहून मोटारीने सव्वा-दीड तासात पोचता येणारे हे ठिकाण माझ्या मते चौघांत सर्वांत विचार करायला लावणारे आहे. ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी 1829 साली सुरू झाली आणि 1971 साली बंद पडली. जॉन हॅव्हिलँड या वास्तुविशारदाने मध्यभागी एक गोल कक्ष आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या फुटणाऱ्या सात इमारती अशी मूळची रचना केली होती. प्रत्येक कैद्याला स्वतंत्र कोठडी, छताला एकच झरोका, बाहेर काढताना चेहऱ्यावर बुरखा आणि दिवसरात्र एकांत, अशी इथली पद्धत होती. माणूस एकटा राहिला की त्याला पश्चात्ताप होतो, ही त्यामागची धार्मिक श्रद्धा. मध्यवर्ती मनोरा, सात पंख आणि एकेकट्या कोठड्या हे वर्णन वाचताना मराठी वाचकाला अंदमानच्या सेल्युलर जेलची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स 1842 साली हा तुरुंग पाहून गेला आणि मनाचा असा संथ छळ शरीराच्या छळापेक्षा भयंकर आहे, असे मत त्याने नोंदवले. तरीही एकांतवासाची ही पद्धत अधिकृतपणे सोडून द्यायला 1913 साल उजाडले.

आज या वास्तूचे गिलावे उखडलेले आहेत, भिंतींचे पोपडे निघालेले आहेत आणि ती मुद्दाम तशाच पडझडीच्या अवस्थेत राखलेली आहे. शरद ऋतूतल्या ठरावीक रात्री इथे 'हॅलोविन नाइट्स' होतात. 1991 साली जतनकार्यासाठी निधी उभारण्याच्या हेतूने सुरू झालेला हा उपक्रम पुढे बरीच वर्षे 'टेरर बिहाइंड द वॉल्स' या नावाने चालला आणि 2021पासून सध्याच्या रूपात आला. म्हणजे तिकिटाचा पैसा वास्तूच्या देखभालीला जातो, ही एक जमेची बाजू. दुसरी बाजू अधिक रंजक आहे. अंगाला हात लावलेला ज्यांना चालेल त्यांनी गळ्यात एक चमकणारी माळ घालायची. माळ दिसली की नट तुम्हाला धरू शकतात, गटापासून बाजूला काढू शकतात, एखाद्या चोरवाटेने पाठवू शकतात. माळ नसेल, तर कोणीही स्पर्श करत नाही. एकाच कुटुंबातल्या धीट आणि भित्र्या माणसांना एकाच वेळी एकाच वाटेने नेण्याची याहून सोपी युक्ती माझ्या पाहण्यात नाही.

एक आक्षेप मात्र नोंदवायला हवा. जिथे खरी माणसे वर्षानुवर्षे एकांतात खितपत पडली, तिथे करमणुकीसाठी किंचाळायला जावे का, हा प्रश्न रास्त आहे. यावर माझा व्यवहार्य तोडगा असा की, रात्रीच्या तिकिटाआधी किंवा नंतर एकदा तरी ही वास्तू दिवसा पाहावी. दिवसाच्या श्राव्य मार्गदर्शिकेला अभिनेता स्टीव्ह बुशेमी याचा आवाज आहे, आणि 1929-30 मध्ये कुख्यात गुंड अल कपोनने जिथे काही महिने काढले ती कोठडीही दाखवतात. दिवसा पाहिलेला तुरुंग रात्रीच्या मुखवट्यांपेक्षा अधिक काळ मनात राहतो. एकच फेरी शक्य असेल आणि सोबत किशोरवयीन मुले नसतील, तर मी दिवसाची निवडीन.

ऑर्लँडोची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तिथे वास्तूला इतिहास नाही. जे आहे ते सारे नेपथ्य, प्रकाश, ध्वनी, रंगभूषा आणि वेळेचे अचूक भान यांतून उभे केलेले आहे. 'हॅलोविन हॉरर नाइट्स'ही योगायोगाने 1991 सालीच, 'फ्राइट नाइट्स' या नावाने, मोजक्या रात्रींपुरत्या सुरू झाल्या आणि पुढच्या वर्षी त्यांना आजचे नाव मिळाले. आता हा उत्सव ऑगस्टअखेरीपासून किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत निवडक रात्री चालतो. अलीकडच्या वर्षांत दहा भयगृहे, रस्त्यांवरचे 'स्केअर झोन' (जिथे नट चालत्या लोकांना दचकवतात) आणि रंगमंचीय कार्यक्रम असा त्याचा साचा आहे. कारागिरीच्या बाबतीत बाकी तिघांपैकी कोणीही त्याच्या जवळपास येत नाही. गावच्या जत्रेतला काळ्या कापडाचा भूतबंगला डोळ्यांसमोर ठेवून जो जाईल, तो पहिल्याच दालनात थक्क होईल.

पण हिशेब मांडावा लागतो. एका भयगृहातून चालत बाहेर पडायला साधारण तीन ते पाच मिनिटे लागतात. म्हणजे दहाही पाहून झाली, तरी प्रत्यक्ष आत घालवलेला वेळ पाऊण तासाच्या आसपास. उरलेली रात्र रांगेत जाते, कारण ऑक्टोबरातल्या शनिवारी गाजलेल्या भयगृहासाठी दीड-दोन तास उभे राहावे लागणे नवलाचे नाही. एका रात्रीचे तिकीट तारखेनुसार साधारण 80 ते 130 डॉलरच्या पट्ट्यात असते, दिवसाचे उद्यानाचे तिकीट त्यात धरलेले नसते, आणि रांग टाळण्याचा 'एक्स्प्रेस पास' बहुधा मूळ तिकिटापेक्षाही महाग पडतो. शिवाय गर्दीच्या रात्री आत माणसांची साखळी अखंड चालू असते. त्यामुळे पुढच्याला दचकवण्यासाठी झडप घातलेला नट तुम्हाला आधीच दिसतो आणि अख्ख्या दालनाचा परिणाम निसटतो. ईस्टर्न स्टेटलाही गर्दी होतेच, पण तिकीट साधारण निम्म्यात येते आणि विमानाचा खर्च नसतो.

ज्यांना ऑर्लँडोलाच जायचे आहे त्यांनी सप्टेंबरमधला बुधवार किंवा गुरुवार धरावा. गर्दीही कमी आणि तिकीटही स्वस्त. मात्र तो फ्लोरिडातला वादळांचा काळ असतो, हे विमानाचे तिकीट काढताना विसरू नये. दिवसाचे तिकीट असलेल्यांना उद्यानातच थांबून संध्याकाळी काही भयगृहांत लवकर प्रवेश मिळवण्याची सोय असते; रांगांचा प्रश्न बऱ्याच अंशी त्याने सुटतो.

मुलांच्या बाबतीत युनिव्हर्सलचा सल्ला स्पष्ट आहे: 13 वर्षांखालील मुलांना आणू नये. तो गांभीर्याने घ्यावा, कारण रक्तबंबाळ दृश्ये इथे हातचे राखून दाखवलेली नसतात. वेशभूषा करून येण्यासही इथे मनाई आहे, आणि हौसेने चेटकिणीचा झगा शिवून आणलेल्या पाहुण्यांना हे दारात कळते. धाकटी मुले सोबत असतील, तर त्याच परिसरातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम उद्यानात 1995पासून होणारी 'मिकीज नॉट-सो-स्केअरी हॅलोविन पार्टी' हा रास्त पर्याय ठरतो: तिथे वेशभूषा चालते, मुलांच्या पिशवीत खाऊ पडतो आणि सर्वांत भीतीदायक गोष्ट म्हणजे तिकिटाची किंमत. त्याच उद्यानातल्या 'हॉन्टेड मॅन्शन'मध्ये नाचणारी पारदर्शक भुते ज्या तिरप्या काचेच्या युक्तीने दिसतात, ती लंडनमध्ये 1862 साली रंगमंचावर दाखवली गेली होती. मोठ्या मुलांना ही युक्ती आधी समजावून सांगितली, तर भीती जाऊन कुतूहल उरते.

सुरक्षिततेचा एक मुद्दा इथेच मांडतो. न्यू जर्सीतल्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचरच्या 'हॉन्टेड कॅसल'ला 11 मे 1984 रोजी आग लागली आणि आठ किशोरवयीन मुले दगावली. त्यानंतर अशा अंधाऱ्या, वळणावळणाच्या वास्तूंसाठी पाण्याचे स्वयंचलित फवारे आणि धूर ओळखणारी यंत्रणा यांचे नियम कडक झाले. वरील मोठ्या ठिकाणी त्यांचे पालन होते, असे मानायला हरकत नाही. पण शेतातल्या गोठ्यात किंवा रिकाम्या दुकानात महिनाभरासाठी थाटलेल्या भयगृहात शिरण्यापूर्वी बाहेर पडण्याचा मार्ग कुठे आहे, एवढे तरी पाहून घ्यावे. दमा असलेल्यांना कृत्रिम धुक्याचा आणि अपस्मार असलेल्यांना उघडझाप करणाऱ्या झगझगीत दिव्यांचा त्रास होऊ शकतो. गरोदर स्त्रियांनीही अशा ठिकाणी जाणे टाळावे.

सेलमबद्दलचा गैरसमज सर्वांत मोठा आहे. 1692 साली इथे चेटूक केल्याच्या आरोपावरून खटले चालले, 19 जणांना फाशी दिली गेली आणि जाइल्स कोरी नावाच्या वृद्धाला दगडांखाली चिरडून मारले. कोणालाही जिवंत जाळले नव्हते, जरी तसे सर्रास सांगितले जाते. गाव सुमारे 44 हजार वस्तीचे. 1982पासून तिथे 'हॉन्टेड हॅपनिंग्ज' हा महिनाभराचा उत्सव होतो आणि अलीकडच्या ऑक्टोबरांत दहा लाखांहून अधिक माणसे तिथे येतात. गावातली छोटी खासगी भयगृहे मला ऑर्लँडोच्या तुलनेत किरकोळ आणि फिलाडेल्फियाच्या तुलनेत निर्जीव वाटतात, म्हणून केवळ दचकण्यासाठी चार-पाच तास गाडी चालवत इथे येऊ नये.

यावे ते दुसऱ्या कारणाने. खटल्यांशी थेट संबंध असलेली आणि आजही उभी असलेली एकच वास्तू, न्यायाधीश जोनाथन कॉर्विन यांचे काळपट लाकडी घर, इथे पाहता येते. जवळच 1992 साली उभारलेले स्मारक आहे: भिंतीतून बाहेर आलेले वीस दगडी बाक आणि प्रत्येकावर एका मृताचे नाव. खांद्यावर पिझ्झाचे खोके घेऊन हिंडणारी गर्दी त्यांना बसण्याची जागा समजते. आपण तरी तसे करू नये. महाराष्ट्राच्या 2013 सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यात एखादी व्यक्ती करणी करते असे सांगून तिचे जगणे मुश्कील करणे हा गुन्हा का ठरवावा लागला, हे मुलांना समजावायला सेलमइतकी योग्य जागा दुसरी नसेल. पाय दुखले, तर पीबॉडी एसेक्स म्युझियममध्ये जावे. सेलमची गलबते एके काळी हिंदुस्थानाशी व्यापार करत, आणि या संग्रहालयात आधुनिक भारतीय चित्रकलेचा मोठा संग्रह आहे. मोटार मात्र नेऊ नये. बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून लोकल गाडी अर्ध्या तासात पोचवते, तर ऑक्टोबरातल्या शनिवारी पार्किंग शोधण्यात त्याहून अधिक वेळ जातो.

राहिला स्लीपी हॉलो. मूळचे नॉर्थ टॅरीटाउन. अमेरिकी लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंगच्या 1820 सालच्या बिनडोक्याच्या घोडेस्वाराच्या कथेवरून गावाने 1996 साली स्वतःचे नावच बदलले. अर्व्हिंगची कबर तिथल्याच दफनभूमीत आहे, आणि ऑक्टोबरच्या पिवळ्या-तांबड्या पानगळीत तिथे नुसते फिरण्यातही सुख आहे. थोडे उत्तरेला, क्रोटन-ऑन-हडसन इथल्या व्हॅन कोर्टलँट मॅनरमध्ये 2005पासून 'ग्रेट जॅक ओ'लँटर्न ब्लेझ' भरते: हाताने कोरलेले सात हजारांहून अधिक भोपळे, आत दिवे आणि सभोवती पार्श्वसंगीत. कोणी अंगावर धावून येत नाही. वेताळ, मुंजा आणि हडळीच्या गोष्टी दिवे गेल्यावर आजीकडून ऐकलेल्या पिढीला कदाचित हेच अधिक ओळखीचे वाटेल, कारण त्या गोष्टींतही दचकवणे कमी आणि अंधाराकडे पाहत राहणे जास्त होते.

भारतातून आलेले आई-वडील किंवा पाच-सहा वर्षांचे मूल घरात असेल, तर मी इतर तिन्हींचा विचार न करता हाच पर्याय सुचवीन, फक्त दोन अटींवर. तिकीट ठरावीक वेळेचे असते आणि चांगल्या संध्याकाळी आठवडे आधी संपतात, म्हणून सप्टेंबरमध्येच काढावे. आणि तारीख निवडताना दिवाळीचे कॅलेंडर शेजारी ठेवावे: 2024 साली हॅलोविन आणि नरकचतुर्दशी एकाच दिवशी, 31 ऑक्टोबरला आली होती, आणि अशा वर्षी मंडळाचा फराळ, मुलांची चॉकलेटे आणि क्रोटनची रात्रीची वेळ हे तिन्ही एकाच शनिवार-रविवारी जमवणे कोणालाही शक्य होत नाही.