'फायरप्रूफ' म्हणून छताला थर्माकोल लावून गेले

पत्र्याच्या शेडला आतून लावायच्या 'फायरप्रूफ' शीट विकणारे सध्या आपल्या लातूर भागात फिरतायत. दुकान, पोल्ट्री, अभ्यासिका, जिथं पत्रा दिसेल तिथं येतात. माझे ६८ हजार गेले. माल कसा दाखवतात आणि देतात काय, ते सविस्तर लिहितो.

माझी अभ्यासिका वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली आहे. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं गेला की नीटची पोरं दुपारी वह्या उचलून खाली जिन्यात बसतात. इन्सुलेशन करणं भागच होतं. पण २०१९ साली सुरतेत कोचिंग क्लासच्या आगीत २२ जण गेले, तेव्हापासून पालक फीच्या आधी आगीचं विचारतात. त्यामुळं न पेटणारंच सामान पाहिजे, हे मी एजंटाला पहिल्याच बैठकीत बजावलं होतं.

त्यानं पिशवीतून फिकट गुलाबी फोमचा एक तुकडा काढला आणि त्यावर गॅसची टॉर्च धरली. तुकडा काळा पडला, पण ना वितळला, ना पेटला. मागच्या बाजूला त्याचा तळहात तसाच टेकलेला. "मालक, हेच लावणार. वरून फक्त चांदीचा कागद येईल, ऊन परतवायला." तो तुकडा फिनॉलिक फोमचा होता आणि अस्सल होता. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

माल आला तो दोन्हीकडून फॉइल लावलेला आणि चारही कडा चंदेरी टेपनं बंद केलेला. मी आगीचं पुन्हा विचारलं, तर त्यानं एका कडेची टेप उचलून लायटर क्षणभर टेकवला. पेट घेतला नाही. "बघा, आग जवळच येत नाही." पैसे दिले, दोन दिवसांत छत झालं.

पुढं पंख्याच्या वायरसाठी भोक पाडताना आमच्या इलेक्ट्रिशियननं तापलेली सोल्डरिंग शीटला लावली. जोर न लावताच ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. त्यानं फॉइल सोलून दाखवली, तर आत पांढरे गोल मणी. थर्माकोल.

लातुरात केमिस्ट्रीचे सर शोधायला लांब जावं लागत नाही. आमच्याच गल्लीतल्या एका सरांनी पेंटच्या दुकानातून थिनर मागवलं. एजंटाच्या नमुन्याचा मोडलेला कपचा माझ्या ड्रॉवरमध्ये पडला होता. तो आणि शीटचा तुकडा दोन वाट्यांत ठेवून दोन्हींवर थिनर ओतलं. शीटचा तुकडा बघता बघता बसला आणि तळाला चिकट लगदा उरला. गुलाबी कपचा भिजला, पण होता तसाच राहिला.

सरांनी सांगितलं ते असं. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, लांबच लांब साखळ्या, पण एकीचा दुसरीशी बंध नाही. थिनर मध्ये शिरलं की त्या सुट्या होतात. उष्णतेनंही तेच होतं: १०० अंशांच्या आसपास साखळ्या सरकायला लागतात, मणी चिपतात आणि शीट आकसते. लायटरची गंमत इथंच आहे. छोटी ज्योत लागली की थर्माकोल आकसून तिच्यापासून मागं सरतो, आणि बघणाऱ्याला वाटतं पेटत नाही. ज्योत जरा मोठी असली किंवा टिकून राहिली, की साखळ्या तुटून स्टायरीनची वाफ निघते, आणि जळते ती ही वाफ. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, पॉलिस्टायरीनला जळत राहायला १८ टक्केच पुरतो. साखळीवर बेंझिनची कडी लटकलेली, म्हणून धूर काळाकुट्ट. वर जळते थेंब खाली पडतात. म्हणजे आमच्याकडं पोरांच्या डोक्यावर.

फिनॉलिकमध्ये त्याच कड्या एकमेकींना चहूबाजूंनी बांधलेल्या असतात, सगळं मिळून एक जाळं. ते वितळत नाही, तापलं की पृष्ठभागाचा कोळसा होतो, आणि तो कोळसाच आतल्या भागाला आच लागू देत नाही. मात्र जाळं असलं की पेटणारच नाही, असंही धरू नका. सोफ्यातला पॉलियुरेथेन फोमही जाळंच, पण तो भसाभस जळतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. "ताप सोसतं", "वितळत नाही" आणि "पेटत नाही" या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हे लोक तिन्हींना मिळून 'फायरप्रूफ' म्हणतात.

फॉइलचाही भरवसा नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला बाहेरून अॅल्युमिनियमचेच पत्रे होते, पण दोन पत्र्यांच्या मध्ये पॉलिएथिलीन. २०१७ च्या आगीत तिथं ७२ माणसं मेली.

फोन केला तर एजंट म्हणाला, "सर, हा एफआर ग्रेड आहे." आग रोखणारं रसायन घातलेला थर्माकोल मिळतो, हे खरं. पण तोही वितळतो, मोठ्या आगीत जळतो, आणि माझ्या वाटीतल्या तुकड्यावर असला कुठलाच शिक्का नव्हता. बिलावर काय लिहिलंय ते मग नीट पाहिलं: "इन्सुलेशन शीट, नग". पदार्थाचं नाव नाही, आयएस क्रमांक नाही. थर्माकोलच्या इन्सुलेशनसाठी आयएस ४६७१ हे मानक आहे. फिनॉलिक सांगून माल देत असतील तर 'फिनॉलिक' हा शब्द बिलावर लिहून घ्या, आणि लिहायला नाही म्हटलं तर गाडीतून माल उतरवूच देऊ नका. नमुना त्यांनी आणलेला नको, उतरलेल्या मालातली कुठलीही शीट आपण निवडून मधोमध कापायची. थिनरची वाटी विस्तव, शेगडी, बिडीपासून लांब, उघड्यावर ठेवा.

शीट मी काढून टाकल्या. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पुढं जिल्हा ग्राहक आयोगात जायचंय. "धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही," अशी दमदाटीही करून झाली. पोटासाठी स्वतः चालवलेल्या उद्योगाला घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसते, त्यामुळं कुणी घाबरू नका. तक्रारीला मुदत दोन वर्षांची असते. एकाच प्रकारे फसलेल्यांना आयोगाच्या परवानगीनं एकत्र तक्रार करता येते. "इन्सुलेशन शीट, नग" असं बिल आणखी कुणाकडं असेल तर शीटच्या एका तुकड्यासकट जपून ठेवा आणि मला कळवा.