फिनिक्स पॅलेडियम, लोअर परळ : आत झकास, बाहेर बोंब

मॉल म्हणून विचाराल तर ४ स्टार, त्यात वाद नाही. एसी गारेगार, वॉशरूम स्वच्छ, आणि मधे ते मोकळं अंगण आहे ना ते मला सगळ्यात आवडतं, मुंबईत असं कुठे मिळतंय आता. पॅलेडियमच्या, म्हणजे महागड्या ब्रँडांच्या बाजूला आम्ही फक्त काचेतून बघतो, बघायला पैसे पडत नाहीत :)

पण अंगणात उभं राहून जरा मान वर करा. ती उंच चिमणी शोभेची नाहीये, फिनिक्स मिलची आहे, कंपनी १९०५ची. आमचे आजोबा डिलाईल रोडच्याच एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. १९८२च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले बरेचसे परत आत गेलेच नाहीत आणि गिरण्या एकेक करून बसल्या. मग १९९१चा नियम आला की गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे करायचे, एक पालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. ऐकायला किती छान! २००१ला त्यात बदल करून बांधकामाखालची जमीन हिशोबातूनच काढली, फक्त रिकामी असेल तेवढीच वाटायची, म्हणजे पालिका आणि म्हाडाच्या हातात चिंधी आली. २००६ला सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. म्हणून आज अख्ख्या लोअर परळमध्ये टॉवर, ऑफिसं, मॉल सगळं आहे, आणि पोरांना क्रिकेट खेळायला मैदान शोधावं लागतं.

रस्ते मात्र तेच. गिरणीचा कामगार चालत यायचा हो, चाळ पलीकडच्या गल्लीत, जेवायला खानावळ. आता इथे कामाला येणारी माणसं विरार-कल्याणहून लोकलने येतात आणि मॉलवाली गिऱ्हाईकं गाडीने. लोअर परळ स्टेशनजवळचा रुळांवरचा डिलाईल पूल २०१८ला बंद केला तो पूर्ण सुरू व्हायला २०२३ उजाडलं, तेवढी वर्षं लोकांनी काय हाल काढले ते इथल्यांनाच विचारा. आणि पार्किंगचे मजले कितीही चढवा, गाड्या शेवटी सेनापती बापट मार्गावरच उतरणार ना?

नोकऱ्या आल्या हे मान्य. पण गिरणीत कायम झालेल्या माणसाला पीएफ होता, युनियन होती. मॉलमधली बरीचशी कामं कंत्राटावर.

जायचंच असेल तर मधल्या वारी सकाळी जा, ट्रेनने जा, लोअर परळ नाहीतर करी रोडला उतरून चालत. शनिवार-रविवारी संध्याकाळी गाडी काढायचीच नाही. आणि फूड कोर्टात खिसा रिकामा करण्याआधी स्टेशनबाहेरचा वडापाव खाऊन घ्या.