पन्हाळ्यावरचं ख्रिस्ती कौटुंबिक शिबिर: आठ महिन्यांनंतर लिहिते आहे

गेल्या मे महिन्यात आमच्या घरची पाचही माणसं पन्हाळ्यावर एका ख्रिस्ती कौटुंबिक शिबिराला गेलो होतो. बुधवारी दुपारी पोचलो, रविवारी सकाळची उपासना करून खाली उतरलो. आल्या आल्या लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक लिहून झालं असतं. जुलैमध्ये लिहिलं असतं तर रागाच्या भरात लिहिलं असतं. आता जानेवारी आहे, डोकं शांत आहे. यंदा कुणी जायच्या विचारात असेल तर त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून सगळं मोकळेपणाने सांगते. शिबिराचं नाव लिहीत नाही. माणसं मनापासून राबणारी होती आणि ज्या चुका झाल्या त्या कुठल्याही शिबिरात होऊ शकतात.

आम्ही कोण ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी, आमचे हे, 13 वर्षांची मुलगी, 8 वर्षांचा मुलगा आणि 72 वर्षांच्या सासूबाई. त्यांना शुगर आहे, गुडघे कामातून गेलेत. आमचं घराणं तीन पिढ्या मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं. अमेरिकन मिशनरी रेव्हरंड वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले, तिथपासूनच्या गोष्टी सासूबाई त्यांच्या आजीकडून ऐकलेल्या सांगतात. मिशनच्या काळात परदेशी मिशनरी उन्हाळ्यात पन्हाळ्यावर जाऊन राहायचे, त्यामुळे "पन्हाळ्याला शिबिर" म्हटल्यावर त्यांनी गुडघ्यांचा विचारच केला नाही. "मी येणार" म्हणाल्या आणि पिशवी भरायला घेतली.

पहिली गोष्ट, व्हीबीएस (व्हेकेशन बायबल स्कूल, सुट्टीतली बायबल शाळा) आणि शिबिर यात गल्लत करू नका. व्हीबीएसला पोरं सकाळी चर्चला जातात, गाणी, गोष्टी, हस्तकला करून दुपारी जेवायला घरी येतात. काही खटकलं तर त्याच संध्याकाळी तुमच्या कानावर येतं. शिबिर निवासी असतं. आणि "कौटुंबिक" शब्दावर जाऊ नका, कुटुंब दिवसभर एकत्र नसतंच. बायकांचा हॉल वेगळा, पुरुषांचा वेगळा. मुलांचे वयाप्रमाणे गट, तरुणांची सत्रं वेगळी, महिलांची वेगळी. पहिल्या दिवशी दुपारी तीनला हे जे पुरुषांच्या हॉलकडे गेले ते मला थेट रात्री जेवणाच्या रांगेत भेटले. मुलगा पहिल्या रात्री माझ्याजवळ झोपला, दुसऱ्या रात्री त्याच्या गटातल्या पोरांबरोबर पप्पांकडे गेला. त्याला ते आवडलं. पण ज्यांचं मूल आईशिवाय झोपत नाही त्यांनी हे आधी विचारून घ्यावं.

पन्हाळा कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर, वाघबीळला वळलं की घाट सुरू. उंची 3,000 फुटांच्या वर, त्यामुळे दुपारी डोकं तापवणारं ऊन आणि रात्री अंगावर शाल लागेल असा वारा. मे महिन्यात पाण्याची ओढ असते. आम्हाला अंघोळीला माणशी एक बादली आणि टँकरची वाट बघणं हे रोजचंच होतं. संडास सगळे भारतीय पद्धतीचे. सासूबाईंसाठी घडीची कमोड खुर्ची आयत्या वेळी शेजाऱ्यांकडून मागून घेतली होती, ती नसती तर दुसऱ्याच दिवशी त्यांना घेऊन परतावं लागलं असतं. माकडं खोलीत शिरतात, खाऊ डब्यात घट्ट झाकून ठेवा. सामानाबद्दल एवढं पुरे.

शुगरबद्दल मात्र थांबून सांगते. वेळापत्रकात रात्रीचं जेवण साडेआठला लिहिलेलं. गुरुवारी संध्याकाळचा संदेश, म्हणजे प्रवचन, लांबला, मग साक्षी झाल्या (लोक उठून देवाबद्दलचे आपले अनुभव सांगतात), मग प्रार्थना. सासूबाईंनी नेहमीच्या वेळेला गोळी घेतलेली. सव्वानऊला त्यांनी माझा हात धरला तर त्यांचा तळवा घामाने थंडगार. "कसंतरी व्हायलंय गं," एवढंच म्हणाल्या. पर्समध्ये मुलाचं ग्लुकोज बिस्किट होतं, स्वयंपाकघरातून पळत जाऊन साखरेचं पाणी आणलं. दहा-पंधरा मिनिटांत त्या सावरल्या. चूक माझीही होती, गोळी ताट समोर आल्यावर द्यायला हवी होती. घरात कुणाला शुगर असेल तर साखर, बिस्किटं जवळ बाळगा आणि आयोजकांना पहिल्याच दिवशी सांगा की या माणसाला वेळेवर ताट लागतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सासूबाईंचं ताट आठच्या ठोक्याला हॉलमध्ये पाठवलं, एकदाही चुकवलं नाही.

फॉर्मवर "जेवणाची सेवा सर्वांनी मिळून" असं छापलेलं होतं. मला वाटलं, वाढपाला हात लावायचा असेल. तिथे एक आचारी, दोन मदतनीस आणि चपात्यांना बायकांच्या पाळ्या. जवळजवळ दीडशे माणसांच्या चपात्या! गुरुवारी संध्याकाळी माझी पाळी. हॉलमधला आवाज स्पीकरवरून स्वयंपाकघरात येत होता. बायबलमधल्या लूकच्या दहाव्या अध्यायातला मार्था आणि मरीयेचा प्रसंग चालला होता, मार्था कामात गुंतलेली आणि मरीया प्रभूच्या पायाशी ऐकत बसलेली. माझ्या समोर पिठाने हात भरलेल्या सात बायका, एकीच्या कडेवर लेकरू, आणि तव्याच्या आवाजात अर्धे शब्द ऐकू येईनात. माझ्या शेजारची बाई इचलकरंजीची, यंत्रमागावर कामाला जाणारी. ती म्हणाली, "ताई, वर्षातनं चार दिस मिळत्यात बसून ऐकायला, त्यातबी तवाच." माझ्या डोळ्यात पाणी आलं.

रात्री मी ही गोष्ट ह्यांना सांगितली आणि आम्ही दोघं शिबिरप्रमुखांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही. शुक्रवारी सकाळच्या सत्रानंतर पुरुषांचा गट स्वयंपाकघरात उतरला. चपात्या त्यांना जमेनात, म्हणून भात वाढवला, चपात्या कमी केल्या. कांदे-बटाटे चिरणं, भांडी, वाढप पुरुषांकडे आणि संदेशाच्या वेळी बायका हॉलमध्ये. तुम्ही जाणार असाल तर फॉर्म भरतानाच विचारा की स्वयंपाक कोण करणार आणि कधी. थोडे पैसे जास्त घ्या पण आचारी पुरेसे ठेवा, असं मी यंदा लेखी कळवलंय.

शुक्रवारची रात्र मला आयुष्यभर पुरेल. तोपर्यंतची सगळी गाणी हिंदी-इंग्रजी, पडद्यावर शब्द, कीबोर्ड, ड्रम. मुलगी खूश होती, तिच्या वयाला ते आवडणारच. सासूबाई ओठ न हलवता बसून असायच्या. शुक्रवारी संध्याकाळी पाचलाच जोतिबाच्या बाजूने काळे ढग उठले आणि वळीव आला, आधी धूळ, मग गारा, मग धो धो. वीज गेली ती रात्रभर आलीच नाही. मैदानातली शेकोटी रद्द झाली. विजा चमकत असताना पोरांना झाडाखाली थांबू न देता मोजून मोजून हॉलमध्ये आणलं, याबद्दल त्या स्वयंसेवकांचे आभार मानायलाच हवेत. हॉलमध्ये दोन-चार मेणबत्त्या आणि मोबाईलचे टॉर्च. तेवढ्यात कागलकडच्या एका काकांनी गाडीतून पेटी आणली आणि विचारलं, टिळकांचं पद कुणाला येतंय?

मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना जाऊन शंभर वर्षं उलटली, 1919 साली गेले ते. पण त्यांची पदं आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या अंगात मुरलेली आहेत, अभंगाच्या चालीवर, टाळ-पेटीवर म्हणायची. सासूबाई उठल्या. गुडघे धरून उठल्या, पण उठल्या. आवाज आधी फाटला, मग लागला. सगळी कडवी पाठ. अंधारात एकेक म्हातारा गळा त्यांना येऊन मिळत गेला आणि माझी मुलगी, जिला हे "आज्जीचं गाणं" म्हणून कंटाळा यायचा, ती आज्जीच्या पदराला धरून शब्द विचारत होती. डिसेंबरमध्ये नाताळच्या कार्यक्रमात दोघींनी तेच पद मंडळीत म्हटलं. शिबिराचं दिलेलं सगळं मी तराजूत टाकलं तरी ही एक गोष्ट जड होईल.

आता शनिवारची रात्र. आठ महिन्यांनी लिहायला बसले ती मुख्यतः या रात्रीसाठी.

शिबिराच्या शेवटच्या रात्री समर्पणाची सभा असते. बाहेरून आलेला वक्ता संदेश देतो आणि शेवटी आवाहन करतो: ज्यांना आपलं जीवन प्रभूला द्यायचं आहे त्यांनी डोळे मिटून हात वर करा, पुढे या. मी स्वतः सतराव्या वर्षी अशाच सभेत उठले होते आणि तो निर्णय मला आजही खरा वाटतो. माझा त्याला विरोध नाही. पण त्या रात्री लहान मुलांचा वेगळा वर्ग ठेवला नव्हता. मोठ्यांसाठीचा नरकाचा संदेश, अग्नी, दार बंद होणं, हे सगळं आठ वर्षांच्या पोराने माझ्या मांडीला टेकून ऐकलं. सगळ्यांनी डोळे मिटले तेव्हा याने किलकिले उघडे ठेवले. आणि त्याने पाहिलं की पप्पांचा हात वर नाही.

आमचे हे अबोल माणूस आहेत. प्रार्थना करतात, दशांश (कमाईचा दहावा भाग) चर्चला देतात, पण चारचौघांत हात वर करणं त्यांच्या स्वभावात नाही. पोराला ते काय कळणार? घरी आल्यावर तो रात्री दचकून उठायला लागला. मला वाटलं ऊन बाधलं. पंधरा दिवसांनी एका रात्री माझ्या कुशीत तोंड खुपसून त्याने विचारलं, "मम्मी, पप्पांना तिथं टाकणार काय गं?" कुठं, ते मला विचारावं लागलं नाही.

ह्यांना सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ नुसते बसून राहिले. आमच्या चर्चचे पाळकसाहेब दुसऱ्या संध्याकाळी घरी आले. चहा घेतला, पोराला शेजारी बसवलं आणि उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे घर सोडून गेलेल्या आणि परत आलेल्या मुलाची येशूने सांगितलेली गोष्ट, सांगितला, बाप लांबूनच ओळखतो आणि धावत जातो तो भाग दोनदा. मग हे स्वतः त्याला म्हणाले, "मी रोज सकाळी तुझ्यासाठी प्रार्थना करतो बाळा, हात खाली ठेवून करतो." त्या रात्रीपासून ते रोज झोपताना त्याच्याजवळ बसून मोठ्याने प्रार्थना करतात, पूर्वी मनातल्या मनात करायचे. पोराची झोप महिन्याभराने पूर्ववत झाली.

मुलीचं वेगळंच. तिने हात वर केला होता. तिला एक कार्ड दिलं, त्यावर "मी रोज दोन अध्याय वाचीन" आणि खाली सही. जून भर तिने वाचलं. शाळा, क्लास सुरू झाले, जुलैत खाडा पडला, मग आठवडा गेला. एक दिवस ते कार्ड फाडून कचऱ्यात टाकलेलं मला दिसलं. "मी देवाला खोटं बोलले," म्हणून हमसून हमसून रडली. "दर आठवड्याला फोन करू" असं शिबिरात सांगितलेलं. पहिला फोन ऑगस्टमध्ये आला. माझा राग होता तो यावर. तेरा वर्षांच्या मुलीकडून सही घेतली तर तिच्यामागे कुणीतरी उभं राहायला नको? आता आमच्या संडे स्कूलच्या बाई आणि ती मिळून वाचतात, बुधवार आणि शनिवार, एकच अध्याय. मार्कचं शुभवर्तमान संपलं, लूक चालू आहे.

म्हणून पैसे भरण्याआधी हे विचारा: शेवटच्या रात्री लहान मुलं कुठे असणार, वक्ता कोण, आणि घरी गेल्यावर मुलांशी कोण, किती दिवसांनी बोलणार. आपल्या पाळकांना आधीच सांगून ठेवा, आपण शिबिराला चाललोय.

सुरक्षेचं विचारायला लाजू नका. देवाची माणसं आहेत म्हणून विचारायचं नाही, असं आपल्यात फार चालतं. मुलांच्या हॉलमध्ये रात्री कोण झोपतं, एकटा मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर कधी राहत नाही ना, लीडर मुलामुलींना परस्पर मेसेज करतात का, फोटो कुठे टाकतात. आमच्या शिबिरात प्रत्येक हॉलमध्ये दोन मोठी माणसं होती, ते मला फार बरं वाटलं. 2012 च्या पोक्सो कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, संस्थेचं नाव जपायचं म्हणून दाबता येत नाही. 1098 हा मुलांच्या मदतीसाठीचा नंबर मी दोन्ही मुलांकडून पाठ करून घेतला होता.

शेजारच्या काकींची नात, मुलीची मैत्रीण, तिलाही यायचं होतं. मी काकींना आणि तिच्या आई-वडिलांना समोर बसवून सांगितलं, तिथे खेळ आहेत तसं बायबल आहे, प्रार्थना आहेत, शेवटी आवाहनही असतं. त्यांनी विचार करून यावेळी नको म्हटलं. काकी म्हणाल्या, "स्पष्ट सांगितलंस ते बरं केलंस बाई." दिवाळीला फराळाचं ताट नेहमीसारखं आलं. दुसऱ्या घरचं मूल नेणार असाल तर "सहलीला नेतो" असं कधीही सांगू नका.

यंदाचा फॉर्म गेल्या आठवड्यात आलाय. ह्यांनी स्वतः फोन करून शनिवारच्या रात्रीचं विचारलं. बारा वर्षांखालच्या मुलांचा वर्ग त्या वेळी वेगळ्या खोलीत, त्यांच्याच संडे स्कूलच्या बाईंबरोबर, असं या वेळी वेळापत्रकातच छापलंय. आम्ही पाच जणांचे पैसे भरलेत. सासूबाई विचारतात, पेटी आपल्या गाडीत मावंल काय.