वर चांगल्या साड्या, आत कुजका माल: जुन्या साड्यांचा गठ्ठा मागवणाऱ्यांनी वाचाच

परवा रात्री फोन बघत होते तर मला ज्याने फसवलं त्याचाच तो व्हिडिओ परत समोर आला. तेच निळ्या शटरचं गोडाऊन, तेच मागे छतापर्यंत रचलेले गठ्ठे, तोच माणूस हातात साडी घेऊन तिचा पोत दाखवतोय, फक्त दुकानाचं नाव वेगळं आणि खाली नंबर नवा. माझ्या पोटात गोळाच आला. म्हणजे हा अजून चालूच आहे. म्हणून सगळं लिहून काढतेय, कारण जुन्या कपड्यांतून पिशव्या, दुपटी, पायपुसणी, गोधड्या करणाऱ्या बायका आता गावोगावी आहेत आणि प्रत्येकीला एकच अडचण आहे, चांगलं जुनं सुती कापड मिळत नाही.

मी कराडची. सासूबाईंकडून वाकळ शिवायला शिकले, पुण्याकडे गोधडी म्हणतात आमच्याकडे वाकळच. आधी घरापुरतं, मग ओळखीत, मग हळूहळू ऑर्डरी यायला लागल्या आणि आता गल्लीतल्या पाच जणी माझ्याबरोबर बसतात. सगळं हातशिलाईचं, कडेकडेने धावदोरा घालत चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं. एका मोठ्या वाकळेला पाच-सहा साड्या सहज जातात आणि घरातली कामं सांभाळून एका बाईला एक वाकळ व्हायला तीन आठवडे तरी लागतात. माल म्हणजे लोकांनी दिलेल्या साड्या. कुणी आई गेल्यावर तिच्या साड्या आणून देतं, की याची वाकळ करून द्या आम्हाला पांघरायला, ते काम मी सगळ्यात जपून करते. बाकी आमची एक बोहारीण मावशी आहे, भांडी देऊन जुने कपडे घेते, त्यातल्या सुती साड्या ती माझ्यासाठी बाजूला काढून ठेवते. पण तीच म्हणते, "आता सुती नेसतंय कोण, समदं शिंथेटिकच येतंय." महिन्याला दहा-बारा साड्या मिळाल्या तरी खूप.

यंदा जूनमध्ये कोकणातल्या एका ताईंची ऑर्डर आली, त्यांचं होमस्टे आहे, त्यांना दिवाळीच्या सीझनच्या आधी तीस वाकळा हव्या होत्या. एवढी मोठी ऑर्डर मला कधीच आली नव्हती. त्यांनी 10,000 अॅडव्हान्स पण लगेच पाठवला. तीस वाकळा म्हणजे 180 साड्या, किलोला दोन-तीन साड्या बसतात म्हणजे 75-80 किलो माल, तोही दोन-तीन आठवड्यांत हातात पाहिजे, नाहीतर शिलाईला वेळच उरत नाही. मावशीच्या भरवशावर हे होणार नव्हतं हे मला दिसत होतं. त्याच घाईत मी तो व्हिडिओ बघितला.

"जुन्या प्युअर कॉटन साड्या, 190 रुपये किलो, सॉर्टिंग केलेला माल." फोन केला तर माणूस हिंदीत बोलत होता, अगदी अदबीने, दीदी दीदी करत. सुरतेला गोडाऊन आहे म्हणाला. मी लगेच विश्वास ठेवला असं नाही हं. मी म्हणलं आधी सॅम्पल पाठवा. त्याने 8 किलो पाठवलं आणि ते खरंच सुंदर होतं, मऊ, धुतलेलं, दोन तर नऊवारी लुगडी होती त्यात. आमच्या काकूंनी हात फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, अगं हे तर आपल्या आजीच्या पेटीतलं वाटतंय. मग त्याने व्हिडिओ कॉल करून माझा म्हणून एक गठ्ठा बांधताना पण दाखवला, वजनकाट्यावर ठेवून. जीएसटीचा दाखला, उद्यमचा म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा दाखला, सगळं पीडीएफमध्ये आलं. आता माणूस अजून काय बघणार.

100 किलोचे 19,000 पूर्ण अॅडव्हान्स मागितले, मी निम्मे देते म्हणलं तर म्हणाला दीदी, सॅम्पल तर बघितलंत ना, पुढच्या आठवड्यात रेट वाढणार आहे. यूपीआयने पैसे पाठवताना स्क्रीनवर भलत्याच माणसाचं नाव आलं, विचारलं तर म्हणे अकाउंटंटचं खातं आहे. मी पाठवले. दोन दिवसांनी परत फोन, ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद, काढावं लागतंय त्याचे 2,500 द्या, माल पोचला की परत करतो. तेही दिले. ह्यांनी तेव्हा विचारलं होतं की ई-वे बिलाचे पैसे कसले, मी म्हणलं राहू दे, ऑर्डर अडकायला नको.

आठव्या दिवशी ट्रान्सपोर्टवाल्यांचा फोन आला की गठ्ठा आलाय, घेऊन जा. भाडं टू-पे होतं, म्हणजे आपण भरायचं, 1,850. पाऊस धो धो पडत होता, टेम्पोवाला घाई करत होता, गोडाऊनच्या माणसाने बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची मालाची पावती, पुढे केली आणि मी सही करून मोकळी झाले. गठ्ठा बाहेरून नीट शिवलेला होता, कोपऱ्यातून आतलं सुती कापड दिसत होतं. माझी खरी चूक ही सही. पैसे पाठवणं ही पण चूकच, पण ही सही त्याच्या कामाची होती, ते मला खूप नंतर कळलं.

घरी आणून आम्ही सहा जणींनी मिळून गठ्ठा उसवला. वरचा थर छान, सॅम्पलसारखाच. चारी बाजूंनी पण तसाच. आणि आत हात घातला तर ओलं लागलं. कुबट वास असा आला की एक जण उठून बाहेर गेली. आत सगळ्या पॉलिएस्टरच्या साड्या, जॉर्जेट, ओढण्या, पडद्याचे तुकडे, बुरशीने काळे पडलेले, काही तर नुसतं ओढलं तरी फाटत होते. दोन शाळेचे जुने गणवेश निघाले. मध्यभागी गोणपाटात गुंडाळलेल्या ओल्या चिंध्या होत्या, वजनासाठी. सगळं वाळवून परत वजन केलं तर 100 चं 84 भरलं आणि त्यातलं वाकळेला चालेल असं फक्त 14 किलो.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते की पॉलिएस्टर का चालत नाही. एक तर घाम शोषत नाही, पांघरलं की गरम होतं आणि चिकटतं. दुसरं म्हणजे थर एकमेकांवर सरकतात, सुती कापड कसं एकाला एक धरून बसतं तसं हे बसत नाही, धावदोरा घालताना सुरकुत्या पडतात आणि चार धुण्यांत वाकळेचा आकार जातो. दिसायला मात्र आता काही काही पॉलिएस्टर इतकं सुतीसारखं येतं की फोटोत काय, हातात घेऊनही फसायला होतं. मी आता प्रत्येक साडीच्या काठाचे दोन-चार धागे काढून जाळून बघते. सुती असलं की कागद जळल्यासारखा वास येतो आणि राखाडी राख बोटाने चुरडली जाते. रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास. पॉलिएस्टर आधी आक्रसतं, वितळतं आणि शेवटी कडक काळा मणी उरतो, तो बोटाने फुटत नाही. हे करताना खाली पाण्याची वाटी ठेवा आणि चिमट्याने धरा, वितळलेला थेंब हाताला चिकटला की फार भाजतं. घाई असेल तर पाण्याचा एक थेंब टाकून बघा, जुनं धुतलेलं सुती तो लगेच पिऊन टाकतं.

त्याला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला पावसात भिजलं असेल, ट्रान्सपोर्टची चूक. मग म्हणाला जुना माल आहे दीदी, थोडं इकडंतिकडं होणारच. मी फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला. त्यावर त्याने काय केलं माहितीये, मी सही केलेल्या बिल्टीचा फोटो मला पाठवला. "माल मिला ना? साइन किया ना?" आणि ब्लॉक.

हे मला सगळ्यांना सांगायचंय. पैसे घेऊन काहीच न पाठवणारा चोर लगेच ओळखू येतो, त्याची तक्रारही सरळ असते. हा माणूस मुद्दाम गठ्ठा पाठवतो. त्यात त्याचा खर्च काहीच नाही, कचरा आणि वरचा एक थर, भाडंसुद्धा आपणच भरतो. पण त्यामुळे त्याच्याकडे पुरावा तयार होतो की माल दिला. मी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन केला तर त्यांनी पहिलं तेच विचारलं, माल मिळाला का? पोलीस स्टेशनला पण, साहेब चांगले बोलले पण म्हणाले ताई, हा मालाच्या क्वालिटीचा वाद आहे, व्यवहारातला. पूर्वी ज्याला आपण 420 म्हणायचो ते फसवणुकीचं कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 318 झालंय, त्याखाली पहिल्यापासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं आणि त्याच्याकडे तर माझीच सही. शेवटी लेखी तक्रार घेतली आणि पोच दिली, तेही तिसऱ्या खेपेला. शिवाय पैसे पाठवून एव्हाना नऊ-दहा दिवस झालेले, खात्यातून पैसे कधीच पुढे गेले होते. 1930 चा उपयोग लगेच, काही तासांत फोन केला तर जास्त होतो, पैसे मधल्या खात्यात असतील तर गोठवता येतात.

घरी येऊन शांतपणे कागद बघितले तेव्हा जे दिसलं ते आधी पाच मिनिटांत दिसलं असतं. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचा 27, गुजरातचा 24. याचा नंबर 09 ने सुरू होत होता, म्हणजे उत्तर प्रदेश. जीएसटीच्या साईटवर नंबर टाकून कुणीही फुकट बघू शकतं, लॉगिन लागत नाही, तिथे टाकला तर नाव भलतंच आणि नोंदणी रद्द झालेली. उद्यमच्या दाखल्यावर क्यूआर कोड असतो तो स्कॅन करून पडताळता येतो, याच्या दाखल्यावर तो कोड इतका अस्पष्ट होता की स्कॅनच होईना, तेव्हाच मनात यायला हवं होतं. आणि ई-वे बिल! दुसऱ्या राज्यातून येणारा माल 50,000 च्या वर असेल तरच साधारण ते लागतं, माझा माल 19,000 चा, आणि ते काढायला सरकार एक रुपयाही घेत नाही. हे विचारत होते ते बरोबर होतं, मी ऐकायला हवं होतं.

एकूण 23,350 रुपये गेले. पण मला जास्त लागलं ते कोकणातल्या ताईंना फोन करताना. मी सगळं खरं सांगितलं आणि म्हणलं तुमचे 10,000 परत करते. त्या दोन मिनिटं काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, किती होतील तेवढ्या द्या, पण सुतीच द्या. मग आमच्या पाच जणींनी आपापल्या माहेरी, नात्यात फोन केले, मावशीने तिच्या ओळखीच्या तीन बोहारणींना सांगितलं, एका शिंप्याने काठापदराचे तुकडे दिले. अकरा वाकळा झाल्या. त्यात काकूंनी स्वतःच्या लग्नातलं पातळ पण घातलं, मी नको नको म्हणत असताना. त्याची मजुरी आणि पातळाचे पैसे मी त्यांना दिलेत, पण ते मनातून जात नाही.

आता नियम म्हणाल तर मी गठ्ठा ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्येच उसवते, व्हिडिओ चालू ठेवून, मधोमध कापून, वरून नाही. ते लोक कुरकुर करतात, करू देत. उघडू देत नसतील तर बिल्टीवर सही करताना "माल न तपासता घेतला" असं स्वतःच्या हाताने लिहायचं आणि त्याचा फोटो काढायचा. ओला वाटला, वजन कमी वाटलं तर तेही तिथेच लिहायचं, जमलं तर जवळच्या काट्यावर वजन करून पावती घ्यायची. पूर्ण पैसे आधी कुणालाच नाही, खात्याचं नाव आणि बिलावरचं नाव एक नसेल तर तिथेच थांबायचं. आणि सॅम्पल चांगलं आलं याला मी आता काहीच किंमत देत नाही, दुसरा गठ्ठाच खरा कळतो.

एका वकीलबाईंनी सांगितलं की ग्राहक आयोगात जाता येतं. मला वाटायचं धंद्यासाठी घेतलं म्हणजे आपण ग्राहक नाही, पण 2019 च्या कायद्यात आहे की फक्त स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेलं असेल तर आपण ग्राहकात मोडतो. समोरचा यावर वाद घालेल असंही त्या म्हणाल्या. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, सुरतेला जावं लागत नाही, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. दोन वर्षांची मुदत असते. आधी माहिती हवी असेल तर 1915 हा ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे, मराठीत बोलतात.

त्या माणसाचा खरा पत्ता काय, नोटीस कुठे पाठवायची, तिथेच सध्या अडलंय. ज्या खात्यात पैसे गेले त्याची माहिती बँकेकडून पोलिसांनी मागवलीये. तो कुजका माल मी टाकलेला नाही. वाळवून, वजन लिहून, चार पोत्यांत भरून माळ्यावर ठेवलाय, त्यावर बिल्टीची झेरॉक्स चिकटवलीये, आणि तारीख पडली की चारही पोती घेऊन मी साताऱ्याला जाणार आहे.