चोरकप्प्याच्या गाडीत माझे १८,९९,५०० रुपये गेले

जुनी आलिशान गाडी विकणारा माणूस मागची सीट उचलून चोरकप्पा दाखवायला लागला आणि त्यात संस्थानी बंदूक ठेवलेली दिसली, की तिथून निघा. त्याचा चहासुद्धा घेऊ नका. तो कप्पा घेणाऱ्याचं तोंड बंद करण्यासाठी बनवलेला असतो. मला हे पैसे गेल्यावर समजलं. नाशिकमध्ये अजून एका माणसाला याच टोळीने तसाच कप्पा दाखवलाय, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

दलाल कसे गोड बोलतात, टोकनची घाई कशी करतात, 'दुसरी पार्टी पुण्याहून निघालीय' कसं सांगतात, ते सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं. जुन्या गाड्यांचा नाद मला कॉलेजपासून आहे. घरी फियाट आहे, तिचं इंजिन मी स्वतः उतरवलंय. तेव्हा 'याला गाड्यांतलं काही कळत नव्हतं' असं कोणी म्हणू नये.

गाडी ओझरच्या पुढे एका द्राक्षबागेजवळच्या शेडमध्ये होती. ब्युइक, मरून रंग, साल १९२९ सांगितलं. एका राजघराण्याची गाडी, १९७१ मध्ये तनखे बंद झाल्यावर वाड्यात पडून राहिली, आता वारसांना गाजावाजा न करता विकायचीय, ही कथा. सुरगाणा आपल्याच जिल्ह्यातलं संस्थान, जव्हार त्र्यंबकच्या पलीकडे. आपल्या भागात अशी गोष्ट खोटी वाटायला कारण नाही.

मग त्याने मागच्या सीटखाली हात घालून एक खटका ओढला. फळी वर आली. आत लाल मखमल, त्यावर तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने डागायची, एक लांब बंदूक आणि ठासणीच्या पिस्तुलांची जोडी. 'राजेसाहेब शिकारीला निघाले की हे बरोबर असायचं, भाऊ. कागदावर कुठे नाही, म्हणून बोलायचं नाही.'

मी मोबाइलचा टॉर्च आत मारला. बिजागरीला चार स्क्रू होते. चकचकीत, आणि चारही स्टार स्क्रू. ते चार स्क्रू आज रात्री झोपेतही दिसतात मला. स्टार स्क्रू, म्हणजे फिलिप्सचा, मोटार कारखान्यात पहिल्यांदा आला तो १९३६ मध्ये, कॅडिलॅकच्या. १९२९ च्या गाडीत मूळ कप्पा असेल तर त्याला सपाट खाचेचेच स्क्रू हवेत. मी विचारलं नाही असं नाही. विचारलं. तो म्हणाला, 'जुने गंजले होते, मिस्त्रीने बदलले.' आता सांगा, शंभर वर्षांच्या गाडीत स्क्रू बदलत नाहीत का? बदलतात. माझ्या फियाटचे मीच बदललेत. पण मूळ स्क्रू काढला तर जुन्या लाकडात जुन्या भोकाची खूण राहते. त्या वेळी मखमलीचा कोपरा दोन बोटं उचलला असता तर खालची प्लायवूडची कोरी कड तिथेच दिसली असती. नंतर मुंबईहून आलेल्या एका वयस्क मिस्त्रींनी नेमकं तेवढंच केलं आणि माझ्याकडे बघून मान खाली घातली.

इंजिनही तेच सांगत होतं. त्या गाडीला आठ सिलिंडर आहेत. ब्युइकने आठ सिलिंडरचं इंजिन आणलं १९३१ च्या मॉडेलला. १९२९ ला सहाच. सिलिंडरमागे एक प्लग, ते मोजले की कळतं. पण आधी कप्पा उघडून दाखवला होता ना! बंदुका बघितल्यावर बॉनेटखाली कोण शांतपणे प्लग मोजत बसतो? ते कप्पा आधी दाखवतात ते याचसाठी.

आणि शिकारीच्या गाडीबद्दल एक लक्षात ठेवा. कोट्याच्या महाराव उम्मेदसिंहांची १९२५ ची रोल्स-रॉइस फँटम शिकारीसाठीच बनवली होती. तिच्यावर सर्चलाइट आणि बंदुका सगळ्यांना दिसतील अशा लावलेल्या होत्या. वाघावर निघालेला राजा बंदूक सीटखाली कशाला दडवेल? १९२९ मध्ये काडतुसांच्या रायफली असताना तोड्याची बंदूक घेऊन शिकारीला कशाला जाईल? 'विलायतेहून खास बनवून आणली' हे त्याचं सांगणंही तसंच. ब्युइक बनवणारी जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती. अमेरिकन ब्युइकला विलायत लागत नव्हती.

आता आकडे. टोकन ५१,०००. गाडीचे ११,५०,००० आरटीजीएसने, आणि खातं होतं तिसऱ्याच माणसाच्या नावावर, 'वारसांचे मुखत्यार' म्हणून. (विकणारा आणि खातेदार वेगळा असेल तर एक रुपया पाठवू नका.) 'आतल्या वस्तूंचे' ३,७५,००० रोख. आरटीओच्या कामाचे ८५,०००. ट्रेलरने गंगापूर रोडपर्यंत आणायचे ३८,५००.

त्या ८५,००० चा हिशेब ऐका. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी नोंदणी आहे, क्रमांकात 'व्हीए' अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,०००, नूतनीकरणाची ५,०००, मुदत दहा वर्षं. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. ती गाडी धंद्याला लावता येत नाही, आणि हा मला सांगत होता, 'लग्नांना भाड्याने द्या, दोन सीझनमध्ये पैसे वसूल!' चेसिस नंबरचा पेन्सिलने छाप स्वतः घ्या. मला दिलेल्या कागदावरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर यांत दोन आकड्यांचा फरक निघाला.

गाडी घरी आली आणि काही दिवसांत फोन आला. 'तुमच्याकडे बिनपरवाना शस्त्रं आहेत अशी टीप गेलीय. वरपर्यंत मिटवायला २,००,००० लागतील.' घरात मुलीचं लग्न ठरलेलं, आई आजारी. पोलीस गाडी दारात उभी राहिली असती तर? मी दिले. माझ्या जागी कोणीही दिले असते. विकतानाच बंदूक आत ठेवायची ती या फोनसाठी.

'अँटीक आहे, लायसन्स लागत नाही' हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे ती जुनाट किंवा मोडक्या, आणि दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्याराला. चालेल की नाही हे दलाल ठरवत नाही. वस्तू खरंच शंभर वर्षांवरची असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली तिचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना हवा. तो मागा, माणूस तिथेच पळेल.

आणि पोलीस! मी स्वतः तक्रार घेऊन गेलो. पहिला प्रश्न, 'बंदुका कुठे आहेत?' पंचनामा करून त्या ताब्यात घ्यायला अर्धा तास पुरला. माझी तक्रार मात्र घेईनात. म्हणे शेड ग्रामीणच्या हद्दीत, तिकडे जा. तिकडे गेलो तर पैसे शहरातल्या बँकेतून गेले, इकडे जा. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये झिरो एफआयआरची तरतूद आहे, हे मी कलम वाचून दाखवलं. 'वकिली शिकवू नका' हे उत्तर मिळालं. मग 'ही दिवाणी बाब आहे'. खोटे कागद, खोटा नंबर, धमकी देऊन उकळलेले दोन लाख, आणि दिवाणी बाब? ज्याचे पैसे गेले तो बाकावर ताटकळत बसतो आणि त्याच्याशी आरोपीसारखं बोलतात. मला एका साहेबाने बायकोसमोर विचारलं, 'एवढे पैसे आले कुठून?' वडिलांच्या मखमलाबादच्या जमिनीचे आहेत ते. कर भरलेले.

बंदुकांचा अहवाल आला. तोड्याच्या बंदुकीच्या कानाचं, म्हणजे दारू पेटवायचं, भोक नळीपर्यंत पोचलेलंच नव्हतं, शोभेची वस्तू. पिस्तुलांवर 'ईस्ट इंडिया कंपनी, १८६५' कोरलेलं, आणि कंपनीचं राज्य संपलं १८५८ मध्ये! मला वाटलं आता तरी गुन्हा नोंदवतील. तर म्हणाले, 'शस्त्रच नाही, मग धमकी कसली?' शस्त्र असतं तर मी आरोपी, नाही तर तक्रारच नाही. माणसाने जायचं कुठे?

कलम १७३ प्रमाणे पोलिसांनी तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येते, मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मी तो केलाय. तुम्ही पहिल्या दिवसापासून प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, तोंडी काही सोडू नका. रोख दिली असेल तर त्याच दिवशीचे बँकेतून काढल्याचे उतारे जोडा. फोन रेकॉर्ड करून ठेवा.

सध्या हे लोक आडगावच्या बाजूला काळ्या रंगाची एक जुनी पॅकार्ड दाखवतायत, सीटखाली तसाच लाल मखमलीचा कप्पा. कोणी टोकन दिलं असेल तर खातं कोणाच्या नावावर होतं ते आधी बघा आणि पावती, मेसेज, बिजागरीचे फोटो घेऊन मला भेटा. माझ्या वकिलांचं म्हणणं, दुसरा तक्रारदार उभा राहिला तर कोर्टात 'दिवाणी बाब' टिकणार नाही. पुढची तारीख लागायच्या आत या.